केजुन मसाला : एका परदेशी चूर्णाची घरगुती कृती

आहाराची चौकशी करताना वैद्याची दृष्टी रुग्णाच्या स्वयंपाकघरातील बरण्यांपर्यंत पोहोचली नाही तर काय होते, याचा एक धडा आम्हांस मिळाला. उच्च रक्तदाबाचे एक वयस्क गृहस्थ आमच्याकडे उपचार घेत होते. औषधे वेळेवर चालू होती. लोणचे, पापड, फरसाण बंद झाले होते आणि भाजीत मीठ निम्म्यावर आले होते. तरीही रक्तदाब अपेक्षेप्रमाणे उतरेना. तिसऱ्या भेटीत त्यांच्या सूनबाई सहज बोलून गेल्या, "बाबांना अळणी जेवण जात नाही, म्हणून ह्यूस्टनहून आलेला मसाला वरून भुरभुरते." आम्ही ती बरणी मागवून घेतली. वरच्या चिठ्ठीवर 'केजुन मसाला' असे नाव होते आणि घटकांच्या यादीत पहिला घटक होता मीठ! ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. म्हणजे मसाला म्हणून त्या घरात जे वापरले जात होते, त्यात सर्वांत अधिक होते ते मीठच. सूनबाईंचा यात दोष नव्हता. "मीठ किती खाता?" एवढेच विचारून आम्ही थांबलो होतो, "वरून काय घालता?" हे विचारले नव्हते.

बरणी बंद करण्यास सांगितल्यावर त्यांनी विचारले, "मग हाच मसाला मिठाविना घरी करता येईल का?" या लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

नावामागील लोक

आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया व त्याच्या भोवतालच्या प्रदेशास फ्रेंच वसाहतकार अकादी म्हणत. १७५५ पासून ब्रिटिशांनी तेथील फ्रेंच भाषिक शेतकऱ्यांना घरादारासह हुसकावून लावले. त्यांतील अनेक कुटुंबे वणवण करीत १७६० नंतरच्या दशकात लुईझियानाच्या दलदलीच्या प्रदेशात पोहोचली. १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजांतून आणखी सुमारे सोळाशे लोक आले. 'अकादियँ' या शब्दाचे रूप बदलत 'केजुन' झाले. नव्या भूमीत गहू नव्हता, तांदूळ होता. नदीनाल्यांत मासे व झिंगे होते, आणि स्पेनच्या अमलाखालील त्या प्रदेशात मिरचीही उपलब्ध होती. चोक्टॉ या मूळ रहिवाशांकडून सॅसाफ्रस वृक्षाच्या वाळलेल्या पानांची पूड रश्श्यात घालण्याची रीत तेथील स्वयंपाकात आली.

या सॅसाफ्रसची गोष्ट वैद्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. हा वृक्ष आपल्या दालचिनी-तमालपत्राच्या कुळातील. त्याच्या मुळाच्या सालीतील सॅफ्रोल हे द्रव्य यकृतास घातक ठरल्याने अमेरिकेत १९६० मध्ये ते खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी झाली. पानांत मात्र ते जवळजवळ नसते, म्हणून पानांची पूड आजही विकली जाते. एकाच वृक्षाचे एक अंग ग्राह्य, दुसरे त्याज्य! प्रयोज्यांगाचा विचार आपल्या शास्त्राने का आग्रहाने सांगितला, हे यावरून कळते.

केजुन म्हणजे जहाल तिखट, हा समज अलीकडचा आहे. तेथील घरोघरच्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे कांदा, सेलरी व भोपळी मिरची ही 'पवित्र त्रयी' आणि मंद आचेवर शिजविलेला रस्सा. मसाल्याच्या बरणीस प्रसिद्धी मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ऑपलुसास गावचे टोनी शाशरी यांनी १९७२ मध्ये आपल्या पाककृतींचे पुस्तक काढले व त्यातील मसाला विकण्यास प्रारंभ केला. आपल्या वाचकांस विशेष वाटावे असे की, हे गृहस्थ पूर्वी औषधांच्या व्यापारात होते. पुढे पॉल प्रुडोम या पाकशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये न्यू ऑर्लिअन्स येथे उघडलेल्या उपाहारगृहामुळे हे मिश्रण जगभर गेले.

घटक व प्रमाण

घरोघरी प्रमाण वेगळे असते. आम्ही अनेकदा करून पाहिलेले, मीठविरहित १०० ग्रॅमचे प्रमाण असे :

पाप्रिका अर्थात सौम्य लाल मिरचीची पूड ३५ ग्रॅम, लसणाची पूड २० ग्रॅम, कांद्याची पूड १५ ग्रॅम, केयेन अर्थात तिखट मिरचीची पूड ८ ग्रॅम, काळी मिरी ७ ग्रॅम, पांढरी मिरी ३ ग्रॅम, वाळलेला थाइम ६ ग्रॅम, वाळलेला ओरेगानो ६ ग्रॅम.

प्रमाण चमच्याने नव्हे, वजनाने घ्यावे. थाइमची पाने हलकी व मिरीची पूड जड. चमच्याच्या मापाने दर खेपेस वेगळे मिश्रण तयार होते. दोन्ही मिऱ्या एकाच वेलीच्या. फळ भिजवून वरची साल काढली की पांढरी मिरी मिळते. काळीचा सुगंध सालीत अधिक, म्हणून दोन्ही घेण्याची रीत पडली.

कृती

आपला गोडा मसाला तेलावर भाजून करतात. हा मसाला भाजावयाचा नसतो. म्हणूनच घटक कोरडे असणे येथे अधिक महत्त्वाचे. मिरी व मिरच्या मंद उन्हात अथवा कोमट भट्टीत कोरड्या करून प्रत्येक द्रव्य स्वतंत्र कुटावे व चाळावे. औषधी चूर्णासाठी ८० क्रमांकाची चाळणी आपण वापरतो. येथे तेवढी सूक्ष्मता नको. थाइम व ओरेगानो हाताने चुरडून भरडच ठेवावेत, अन्यथा त्यांचा सुगंध लवकर उडतो.

मिसळताना फार्मसीतील नियम पाळावा. सर्वांत अल्प द्रव्य प्रथम घ्यावे, म्हणजे ३ ग्रॅम पांढरी मिरी. तीत जवळपास तेवढेच दुसरे द्रव्य मिसळावे, मग त्या एकत्रित मिश्रणाएवढे तिसरे. असे वाढवीत शेवटी पाप्रिका घालावी. सर्व एकदम ओतून ढवळल्यास एका चमच्यात तिखट व दुसऱ्यात नुसता लसूण येतो.

लसूण व कांद्याची पूड हवेतील ओलावा शोषून घेते. तयार मालात गुठळ्या होऊ नयेत म्हणून अनेक उत्पादक सिलिका घालतात. घरी त्याऐवजी थोडेच करावे, गडद काचेच्या कोरड्या बरणीत भरावे व ओला चमचा घालू नये. पाप्रिकाचा रंग उजेडाने फिकट होतो. शार्ङ्गधराने चूर्णाच्या वीर्यास दोन महिन्यांची मर्यादा सांगितली आहे; या मसाल्याच्या सुगंधासही, विशेषतः कोकणच्या पावसाळ्यात, तीच मर्यादा मानावी.

प्रतिनिधी द्रव्याचा प्रश्न

पाप्रिका न मिळाल्यास ब्याडगी मिरची बिया काढून वापरावी. रंग उत्तम येतो व तिखटपणा बेताचा राहतो. थाइमच्या जागी ओवा सुचविला जातो आणि त्यास आधारही आहे, कारण थायमॉल हे सुगंधी द्रव्य दोहोंत असते. परंतु ओव्यात त्याचे प्रमाण अधिक असल्याने ६ ग्रॅमऐवजी दीड ग्रॅम पुरे. हा बदल केल्यावर मिश्रणाचे वजन साडेचार ग्रॅमने घटते, ते पाप्रिकाने भरून काढावे.

मात्र प्रतिनिधी द्रव्य घेतले तर तसे चिठ्ठीवर लिहावे. अभावी प्रतिनिधी घेण्याची मुभा शास्त्र देते, लपविण्याची नव्हे. मिरचीच्या पुडीत सुदान हा कृत्रिम रंग आढळल्याने २००५ मध्ये ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले. लाल रंगावरून पारख करणाऱ्या ग्राहकाची ती फसवणूक होती. फार्मसीचालकांनी शक्यतो अखंड मिरची घेऊन स्वतः कुटावी.

पथ्यापथ्य

बृहत्त्रयीत मिरचीचा उल्लेख नाही. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. तरी कटु, उष्ण, तीक्ष्ण गुणांनी तिचा विचार आपण करतोच. मिरची, मिरी व लसूण एकत्र आल्याने हे मिश्रण अम्लपित्त, रक्तपित्त व अर्श यांच्या रुग्णांस, तसेच शरद ऋतूत पित्तप्रकृतीच्या व्यक्तींस देऊ नये. कफप्रधान, मंदाग्नी व्यक्तीस अल्प मात्रेत चालते.

मिठाचा हिशेब सोपा आहे. निम्मे मीठ असलेल्या मिश्रणाचा ६ ग्रॅमचा भरलेला चमचा म्हणजे ३ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमहून कमी सांगितली आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक वाटा त्या एका चमच्यातच संपतो. 'मीठविरहित' असे छापलेल्या काही पदार्थांत पोटॅशियम क्लोराईड असते. वृक्कविकाराच्या रुग्णांस व रक्तदाबाची काही आधुनिक औषधे घेणाऱ्यांस त्यामुळे रक्तातील पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. म्हणून चिठ्ठी शेवटपर्यंत वाचावी.

जाता जाता

प्रुडोम यांचा गाजलेला पदार्थ म्हणजे लोण्यात बुडवून, मसाला लावून, बिडाच्या तापलेल्या तव्यावर काळसर होईपर्यंत परतलेला रेडफिश मासा. हा पदार्थ इतका लोकप्रिय झाला की मेक्सिकोच्या आखातात त्या माशाची बेसुमार पकड होऊ लागली आणि १९८६ मध्ये अमेरिकी सरकारला आपल्या अखत्यारीतील समुद्रात त्याची व्यापारी मासेमारी थांबवावी लागली. एखाद्या कल्पास कीर्ती लाभली की त्याच्या मूळ द्रव्यावर काय संकट येते, हे सर्पगंधा व गुग्गुळ यांचा अनुभव असलेल्या आपणांस निराळे सांगावयास नको.

आमच्या त्या रुग्णाच्या घरी आता मीठविरहित मिश्रणाची लहान बरणी असते. बरणीवर सूनबाईंनी आठही घटक, वजने व केल्याची तारीख लिहिली आहे. रक्तदाब एका मसाल्याने उतरत नाही, परंतु वरून पडणारे मीठ थांबल्यावर पुढील भेटींत त्यांच्या रक्तदाबाचे आकडे उतरू लागले. आमच्या प्रश्नावलीत मात्र कायमची भर पडली आहे : "जेवताना वरून काय घालता? ती बरणी घेऊन या." वैद्य बंधुभगिनींनीही आपल्या प्रश्नावलीत हा एक प्रश्न समाविष्ट करावा, अशी आमची विनंती आहे.