गाडी चमकली, पण ते डबे ठेवायचे कुठं?

दसऱ्याच्या आधीचा रविवार म्हणजे बहुतेक घरांपुढे एकच दृश्य! गाडी अंगणात, दोन बादल्या, रबरी नळी, आणि घरची मंडळी बाह्या सरसावून कामाला लागलेली. संध्याकाळपर्यंत गाडी आरशासारखी होते, दसऱ्याला झेंडूची माळही घालून घेते. मागे उरतो तो पसारा. ओली फडकी, मेणाचा डबा, कंपाउंडची बाटली, चार स्पंज असं सगळं एका पिशवीत कोंबलं जातं आणि "अगं, हे कुठंतरी ठेव गं" म्हणून आपल्या हाती येतं. ते 'कुठंतरी' म्हणजे बहुधा सिंकखालचं कपाट, नाही तर पोटमाळा. पुढची आठवण थेट पाडव्याला!

हे सामान बरंच महाग असतं, आणि नीट ठेवलं तर पुष्कळ टिकतंही. पण प्रश्न नुसता पैशांचा नाही. यातल्या काही वस्तू घरात कुठं ठेवायच्या, हे आपल्याला ठाऊक असायलाच हवं. म्हणून मैत्रिणींनो, हे 'पुरुषांचं खातं' म्हणून पान उलटू नका.

आधी स्पंजांचं पाहू. रबिंग कंपाउंड म्हणजे एक प्रकारचं घासायचं चूर्णच असतं. आपल्या भांडी घासायच्या पावडरीचं फार बारीक भावंड म्हणा ना! त्याचा स्पंज आणि मेणाचा स्पंज एका पिशवीत राहिले, की ते कण मेणाच्या स्पंजात जातात. पुढच्या वेळी मेण लावताना गाडी घासली जाते. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण केसाहूनही पातळ असतो, बरं का! उन्हात गाडी उभी केली, की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात ना, ते पुष्कळदा असल्याच फडक्या-स्पंजांचे प्रताप असतात. तेव्हा दोन्ही स्पंज वेगळे, दोन पिशव्यांत, आणि पिशवीवर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव.

काम झालं की त्याच दिवशी स्पंज धुवा. वाळलेलं कंपाउंड सिमेंटसारखं धरून बसतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, हलक्या हातानं दाबत दाबत मळ काढा. पिळू मात्र नका; पिळलं की स्पंज फाटतो. मशीनला लावायचे पॅड असतील तर त्यांच्या पाठीला चिकटपट्टी असते, तिचा गोंद पाण्यात राहून सुटतो. म्हणून वाळवताना स्पंजाची बाजू खाली ठेवायची, म्हणजे पाणी पाठीकडे न जाता खाली निथळतं. वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर. वरून कोरडा लागला तरी आत ओल असते, तेव्हा एक दिवस जास्तच द्या. अर्धवट ओला स्पंज डब्यात घातला, की कोकणातल्या पावसाळ्यात त्याला बुरशी आलीच म्हणून समजा. बुटांच्या खोक्यात ओल शोषणारी पांढरी पुडी येते ती डब्यात टाकावी, मुलांच्या हाती मात्र देऊ नये. डांबरगोळी टाकून उपयोग नाही, ती किड्यांसाठी असते, ओलीसाठी नव्हे. आणि पॅडवर जड काही ठेवू नका. दबून चपटा झालेला पॅड मशीनवर सारखा फिरत नाही.

मायक्रोफायबरची फडकी सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत. टॉवेलाचे सगळे तंतू ती ओढून घेतात. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रावण यांना चालत नाही, धाग्यांवर त्याचा थर बसून फडकं पाणी टिपेनासं होतं. इस्त्री तर मुळीच नको. धागे कृत्रिम असतात, वितळतात. जमिनीवर पडलेलं फडकं झटकून परत गाडीला लावायचं नाही, हे घरातल्या उत्साही मंडळींना एकदा बजावून ठेवा.

आता मेण. चांगल्या मेणात कार्नोबा असतं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून ते काढतात. हे मेण इतकं कडक, की नुसतं असेल तर ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. म्हणून डब्यातल्या मेणात ते मऊ राहावं यासाठी बहुधा रॉकेलच्या जातीचं एखादं द्रावण मिसळलेलं असतं. झाकण सैल राहिलं, की हे द्रावण उडून जातं. मेण आकसतं, भेगाळतं. म्हणून डब्याची कड पुसून झाकण घट्ट लावायचं, आणि उघडल्याची तारीख वर लिहायची. आपण लोणच्याच्या बरणीची कड पुसतो, तसंच हे.

मेण घट्ट झालं, तर थंडीतल्या खोबरेल तेलासारखं ते गॅसजवळ ठेवून पातळ करायचा मोह होतो. हे कधीही करू नका! त्यातून निघणारी वाफ पेट घेऊ शकते. डबा देवघरातल्या समईजवळ, सिलिंडरशेजारी, इन्व्हर्टरच्या बॅटरीपाशीही नको. गाडीच्या डिकीतही नको. नागपूर-चंद्रपूरकडच्या मैत्रिणींना मे महिन्यातली बंद गाडी म्हणजे काय भट्टी असते, ते सांगायला नकोच. पातळ पॉलिशं अशा उष्णतेनं फुटतात, पाणी वेगळं, तेल वेगळं. हलवूनही एकजीव झालं नाही, तर ते टाकून द्यावं.

आणखी एक सांगायचंय, आणि ते जरा थांबून वाचा. गाडीबरोबर घरातलं सागवानी कपाट, झोपाळा यांनाही त्याच सुमारास हात फिरतो. लाकडाला लावायच्या काही तेलांत आणि पॉलिशांत जवसाचं तेल असतं. ते हवेशी संयोग होऊन वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. फडकं पसरलेलं असेल तर ती उष्णता निघून जाते; पण तेच बोळा करून पिशवीत कोंबलं, तर आतल्या आत तापत जातं आणि काडी न ओढता पेटतं. खोटं वाटतंय? अमेरिकेत फिलाडेल्फियात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी 'वन मेरिडियन प्लाझा' या ३८ मजली इमारतीला आग लागली, ती जवसाच्या तेलाच्या अशाच फडक्यांमुळे. लाकडी तावदानांचं काम करणाऱ्यांनी ती २२व्या मजल्यावर टाकून ठेवली होती. त्या आगीत अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. तेव्हा असं फडकं बाहेर, उन्हापासून दूर, एकेरी पसरून पार कडक होईस्तोवर वाळू द्यावं. किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावं. मग टाकावं. गाडीच्या फडक्यांच्या पिशवीत ते चुकूनही जाऊ नये. पेट्रोल किंवा थिनरचा वास येणारं फडकं वॉशिंग मशीनमध्येही घालू नये.

उरलं ते लहान मुलांचं. उरलेलं पॉलिश सरबताच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवायची सवय अजून कितीतरी घरांत आहे. रंग छान, वास गोड, आणि बाटली ओळखीची! मुलानं एखादा घोट घेतलाच, तर बोटं घालून उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. अशी पातळ द्रव्यं उलटीच्या वेळी श्वासनलिकेत उतरतात आणि फुप्फुसांना सूज आणतात. पोटापेक्षा धोका तिथं जास्त. तोंड पुसायचं, मूल बरं दिसत असलं तरी तडक दवाखाना गाठायचा, आणि बाटली बरोबर न्यायची. डॉक्टर आधी तीच मागतील.

तेव्हा सामान मूळच्या डब्यांतच ठेवा. एक झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या. खाली उभ्या बाटल्या आणि मेण, वर पिशव्यांत स्पंज, सगळ्यांत वर फडकी. स्वयंपाकघरात नको, रवा आणि चहाची पत्ती वास फार लवकर धरतात. पत्र्याखालच्या माळ्यावर नको, तिथं उन्हाळ्यात तापतं. घरातलं एखादं थंड, कोरडं, वरच्या कप्प्याचं कपाट, आणि त्याला कडी. किल्ली मात्र तुमच्याकडेच असू द्या, नाही तर पाडव्याला पुन्हा "अगं, ते कुठं ठेवलंस?" आहेच!