चौकटींचा अधिकार

ब्रिटनच्या मोटारमार्गावर कडेला पोलिसांची गाडी उभी दिसली की चालकाचा पाय आपसूक ब्रेककडे जातो. गाडीवरचा दिवा लागलेला नसतो, भोंगाही वाजत नसतो. परिणाम साधतात त्या गाडीच्या अंगावरच्या निळ्या-पिवळ्या चौकटी.

ही रचना पोलिसांच्या वैज्ञानिक संशोधन शाखेने १९९०च्या दशकात तयार केली. दिवसाउजेडी ५०० मीटरवरून गाडी पोलिसांची आहे हे ओळखता यावे, अशी अपेक्षा होती. झगझगीत पिवळा रंग दिवसा उठून दिसतो. रात्री पट्टीतले काचेचे सूक्ष्म मणी किंवा लोलक दिव्याचा झोत आला त्याच दिशेला परत पाठवतात. गुलाबी-पिवळ्या चौकटींच्या केकवरून या नक्षीला ‘बॅटनबर्ग’ हे नाव पडले. पिवळ्याच्या जोडीला पोलिसांसाठी निळा, रुग्णवाहिकेसाठी हिरवा आणि अग्निशमन दलासाठी लाल रंग येतो.

मग एखाद्याने असल्या चौकटी स्वतःच्या गाडीवर लावल्या तर? उत्तर नक्षीत सापडत नाही. रंग, दिशा आणि हेतू यांत शोधावे लागते. १९८९च्या वाहन-प्रकाश नियमांनुसार, काही अपवाद सोडता, गाडीच्या पुढच्या बाजूला लाल आणि मागच्या बाजूला लालखेरीज अन्य रंग परावर्तित करणारी पट्टी चालत नाही. कारण साधे आहे : अंधारात समोरची गाडी येते आहे की जाते आहे, हे आपण रंगावरून ठरवतो. या बंधनाचा रोख पुढे आणि मागे आहे, कडेवर नाही. निळ्या दिव्याबाबत मात्र नियम कडक आहे. आपत्कालीन सेवेत नसलेल्या गाडीवर तो दिवाच काय, त्याच्यासारखे दिसणारे साधनही बसवता येत नाही. मग ते बंद पडलेले का असेना.

उरतो हेतू. इंग्लंड व वेल्समध्ये १९९६च्या पोलीस कायद्याचे ९०वे कलम पोलीस असल्याचा खोटा भास निर्माण करणाऱ्या कृतीला गुन्हा ठरवते. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कडेवरच्या चौकटी एकाच्या गाडीवर निव्वळ हौस ठरतील. दुसऱ्याने त्याच चौकटी दाखवून कोणाला थांबवले, तर तो गुन्हा ठरेल.

आपल्याकडे हाच प्रश्न लाल दिव्याच्या रूपाने आला. १ मे २०१७पासून मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे दिवे उतरले. आपत्कालीन सेवांचे राहिले. खासगी गाडीच्या काचेवरची ‘पोलीस’ ही पाटी मात्र अजून नजरेस पडते. फसवणुकीच्या हेतूने लोकसेवकाचे चिन्ह बाळगणे भारतीय न्याय संहितेच्या २०५व्या कलमाखाली गुन्हा आहे. पण हेतू सिद्ध करायचा असतो, आणि पाटी तर दोन मिनिटांत चिकटवता येते.

यात खरे नुकसान कोणाचे? रुग्णवाहिकेला वाट मिळते, कारण तिच्या खुणेवर आपण शंका घेत नाही. खोट्या खुणा वाढल्या की लोक आधी शंका घेतील आणि मग बाजूला होतील. आत झोपलेल्या रुग्णापाशी तेवढा वेळ नसतो.