इंजिनावरचा तेलकट थर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

माजलगावकडून केजकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५४८ सी बालाघाटाची रांग ज्या अरुंद, वळणावळणाच्या धारूर घाटाने ओलांडतो, तो घाट चढणाऱ्या गाडीच्या इंजिनाची एक प्रकारे परीक्षाच घेतो. चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये असते, त्यामुळे इंजिनाचे फेरे वाढतात आणि वेग कमी असल्याने समोरून येणारा वारा मात्र घटतो. परिणामी बॉनेटखालचे तापमान चढते, तापलेले तेल पातळ होते आणि सपाट रस्त्यावर ज्या फटीतून ते केवळ पाझरत होते, त्याच फटीतून ते ओघळू लागते. त्यावर मुरमाची आणि काळ्या रानाची धूळ बसते व हंगामात उसाच्या वाहतुकीच्या वाटेवर उडणारे पाचटाचे तुकडे चिकटतात. असा हा थर काढावा कसा, यासंबंधी गाडीमालकांत आणि काही प्रमाणात गॅरेजांतही ज्या समजुती रूढ आहेत, त्यांपैकी बहुतेकींच्या मुळाशी एकच चूक आढळते, ती म्हणजे सफाई हे गाडी सजवण्याचे काम मानले जाते. वास्तविक इंजिन धुण्याचा पहिला उपयोग तेल कोठून येते हे दिसावे, हा आहे.

म्हणूनच जेथे तेल दिसते तेथेच गळती आहे, हा समज सर्वांत आधी तपासावा लागतो. तेल गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते आणि पंख्याचा व धावत्या गाडीचा वारा त्याला मागे ढकलतो, त्यामुळे चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेले तेलाचे भांडे, ओले दिसले तरी उगम त्याच्या बराच वर असू शकतो. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचे सर्वांत वरचे झाकण, आणि त्याखालचा भाग यांच्यामध्ये सांधा घट्ट राहावा म्हणून रबराचे पॅकिंग बसवलेले असते. वर्षानुवर्षे तापून-निवून ते कडक होते, त्याची लवचिकता जाते आणि तेथून निघालेले तेल ब्लॉकच्या भिंतीवरून उतरत तळाच्या बोल्टावर थेंब होऊन लोंबते. खालचे पॅकिंग बदलूनही गळती कायम राहिली अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा दोष अनेकदा निदानाचा असतो. तेल भरताना सांडलेले, फिल्टर बदलताना ओघळलेले आणि खरोखर गळणारे असे तीन प्रकार वरवर सारखेच दिसतात व ते वेगळे ओळखायचे तर पृष्ठभाग आधी स्वच्छ आणि कोरडा करावाच लागतो. त्यानंतर संशयित सांध्यांभोवती साधी टाल्कम पावडर भुरभुरून इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवले आणि बंद करून विजेरीच्या उजेडात पाहिले, तर पांढऱ्या पावडरीवर उमटलेली काळपट रेघ जेथून सुरू होते ते ठिकाण बोट ठेवून दाखवता येते. महागडे कोणतेही उपकरण याला लागत नाही.

शिवाय प्रत्येक ओलावा इंजिन ऑइलचा नसतो. गाडीखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेवल्यास सकाळी रंगावरून बराच उलगडा होतो: तपकिरी वा काळे ते इंजिन ऑइल; हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी आणि वाळल्यावर पांढुरका डाग ठेवणारे ते कूलंट, म्हणजे रेडिएटरमधील शीतक द्रव; लालसर असल्यास ते बहुधा पॉवर स्टिअरिंगचे किंवा स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल; आणि निव्वळ पाणी असेल तर ते एसीचे असण्याचा संभव अधिक. फिकट पिवळसर, बुळबुळीत आणि रंग उखडणारा द्रव आढळला तर ते ब्रेक ऑइल समजावे आणि घाट उतरण्याचा विचार तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवावा.

जुन्या गाडीचे तेल थोडे गळणारच, ही समजूतही अर्धवट आहे. सांधे जुने होतात हे खरे, परंतु एकाच वेळी अनेक ठिकाणांहून तेल येऊ लागले तर पॅकिंगऐवजी ब्रीदरकडे पाहावे लागते. पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच खालच्या पोकळीत निसटतो आणि त्याला बाहेर काढणारी जी नळी व झडप असते तिला ब्रीदर म्हणतात. ती काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि तोच दाब तेलाला धडधाकट सीलमधूनही बाहेर रेटतो. अशा वेळी टॅपेट कव्हरचे बोल्ट आणखी आवळणे हा उपाय नव्हेच, उलट झाकण वाकून नवी गळती पदरात पडते.

सफाईच्या द्रव्यांकडे वळल्यास पेट्रोल हेच उत्तम क्लीनर, हा समज सर्वांत घातक ठरतो. पेट्रोल ग्रीस विरघळवते यात शंका नाही. पण ज्या किमान तापमानाला एखाद्या द्रवाची वाफ ठिणगीने भडकू शकते, ज्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात, ते पेट्रोलच्या बाबतीत शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सियस असते, म्हणजे महाराष्ट्रातील कोणत्याही ऋतूत ते पेटण्याच्या स्थितीतच असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बॉनेटखालून जमिनीलगत पसरते आणि बॅटरीच्या टोकाची एक ठिणगी तिला पुरते. रॉकेल आणि डिझेल यांचा फ्लॅश पॉइंट साधारण ३५ अंशांच्या पुढे असतो, म्हणून ती तुलनेने कमी धोक्याची मानली जातात; मात्र धारूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा आणि तापलेल्या लोखंडावर तर केव्हाही, हा फरक फारसा उरत नाही.

सर्व्हिसिंगनंतर इंजिनावर डिझेल फवारण्याची प्रथाही याच प्रकारातली. त्यामुळे रबर मऊ राहते आणि गंज लागत नाही, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी, की रेडिएटरच्या होज पाइपांसाठी सामान्यतः वापरले जाणारे ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर पाणी आणि उष्णता उत्तम सोसते, परंतु खनिज तेलाच्या सततच्या संपर्कात ते फुगते आणि दुबळे होते; इंजिनाच्या पट्ट्यावर डिझेल गेले तर तो घसरून कर्कश आवाज करतो; आणि मागे उरलेला तेलकट पापुद्रा घाटातल्या एकाच फेरीत नवी धूळ पकडतो. चकाकी मात्र येते, आणि जुनी गाडी विकायला काढताना ती का आणली जाते हे खरेदीदाराने ओळखलेले बरे. इंजिन सर्वत्र एकसारखे ओले-चमकदार दिसत असेल, तर गळतीचा माग पुसला गेलेला असतो.

धुण्याची पूड जितकी कडक तितकी सफाई चांगली, हेही खरे नाही. आजच्या बहुतेक लहान गाड्यांच्या इंजिनाचे बरेच भाग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि कॉस्टिक सोडा वा धुण्याचा सोडा यांसारखे तीव्र अल्कली पदार्थ या धातूवर थेट रासायनिक क्रिया करून त्याला काळपट आणि खडबडीत करतात. पाण्यात मिसळणारा सौम्य डीग्रीझर वेगळ्या रीतीने काम करतो: त्यातील रेणूंचे एक टोक तेलाला आणि दुसरे पाण्याला धरते, त्यामुळे तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्याबरोबर निघून जातात. या क्रियेला जोर कमी आणि वेळ जास्त लागतो. द्रव्य लावून पाच ते दहा मिनिटे थांबावे, जुन्या रंगाच्या ब्रशने कोपरे घासावेत आणि ते वाळण्यापूर्वी धुऊन टाकावे; भर दुपारच्या उन्हात ते पाहता पाहता वाळते, म्हणून हे काम सकाळी, सावलीत करणेच योग्य.

गरम इंजिनावर ग्रीस लवकर सुटते, या समजुतीत तथ्याचा अंश आहे, कारण कोमट पृष्ठभागावर ग्रीस खरोखरच मऊ पडते. परंतु घाट चढून नुकतीच थांबलेली गाडी कोमट नसते. इंजिन बंद होताच बहुतेक गाड्यांत शीतक द्रवाचे फिरणेही थांबते, त्यामुळे काही मिनिटे बॉनेटखालची उष्णता कमी होण्याऐवजी वाढते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळालेला वायू बाहेर नेणारा ओतीव नळ, कित्येक शे अंशांवर असतो आणि त्यावर गार पाणी पडल्यास तो तडकू शकतो. हात सहज ठेवता येईल इतके इंजिन निवू द्यावे.

पाण्याविषयी दोन टोकांचे समज आढळतात. कार्ब्युरेटरच्या जीपगाड्यांच्या काळात पाणी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत शिरले की गाडी मिसिंग करी आणि टोपी पुसून वाळवली की पुन्हा चालू होई. या अनुभवातून कोणी पाणी अजिबात नको म्हणतो, तर कोणी नव्या गाडीचे सगळे जोड जलरोधक आहेत असे मानून वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपासमोर बॉनेट उघडून देतो. जलरोधकतेच्या खुणा मात्र मर्यादित अर्थाच्या असतात. आयपी ६७ ही खूण असलेला भाग एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतो, याचा अर्थ तो जवळून मारलेल्या उच्च दाबाच्या धारेला टिकतो असा होत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी आहे आणि सर्वच जोड ती उत्तीर्ण झालेले नसतात. शिवाय ही धार रेडिएटरच्या नाजूक पात्या वाकवते, आणि वाकलेल्या पात्यांतून हवा जाईनाशी झाली की पुढच्या चढावर तापमानाचा काटा वर जातो. बॅटरीचे ऋण टोक सुटे करून, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इग्निशन कॉइल आणि एअर फिल्टरचे तोंड प्लास्टिकने झाकून, बागेच्या पाइपाची मंद धार किंवा बादलीभर पाणी आणि चिंध्या वापरल्या तर काम पुरते होते. धारूर तालुक्यात टँकरची वाट पाहिली जाते त्या महिन्यांत तर एवढेच वापरणे शहाणपणाचे. धुतल्यावर कोपऱ्यांत कॉम्प्रेसरची हवा हलक्या दाबाने मारून, झाकणे काढून आणि सर्व जोड कोरडे झाल्याची खात्री करूनच गाडी सुरू करावी.

इंजिन धुतल्याने मायलेज वाढते, या समजाला आधार नाही. आगीचा धोका कमी होतो, हे मात्र खरे. तेलाने भिजलेले पाचट मॅनिफोल्डच्या शेजारी अडकून राहिले तर ते इंधनच असते.

राहता राहिला प्रश्न धुतलेल्या पाण्याचा, ज्याला बहुतेक ठिकाणी प्रश्नच मानले जात नाही. बालाघाटाची रांग गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यांमधली पाणलोटाची रेषा आहे, तेव्हा येथील गटारात सोडलेले तेल कोणत्या ना कोणत्या ओढ्याने खालच्या शेतांकडे आणि विहिरींकडेच जाते. वापरलेले तेल भारतात घातक कचऱ्यात मोडते व त्याचे नियमन २०१६ च्या नियमांनी होते. १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. अंगणात गाडी धुणाऱ्याला करता येण्याजोगी गोष्ट याहून सोपी आहे: पाणी घेण्यापूर्वी घट्ट थर लाकडी पट्टीने खरवडून जुन्या वर्तमानपत्रावर घ्यावा, उरलेले तेल लाकडाच्या भुशाने टिपावे आणि तो गोळा उकिरड्यावर न टाकता, वापरलेले तेल पिंपात साठवून अधिकृत संकलकाला देणाऱ्या गॅरेजच्या स्वाधीन करावा.