थकव्याला ‘वय’ हे उत्तर नव्हे
‘आता वय झाले’ असे म्हणून आजींचा थकवा घरात सहज स्वीकारला जातो. चरकसंहितेने मात्र फिकटपणा, धाप आणि बलहानी ही पांडुरोगाची लक्षणे मानली. त्यावरील नवायस चूर्णात नऊ औषधींइतकेच लोह असते. आधुनिक वैद्यकही स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या, पुरुषाचे १३ च्या खाली गेल्यास रक्तक्षय म्हणते. परंतु उतारवयात लोह घटले कशाने, हा खरा प्रश्न. गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे जठरातून नकळत रक्त झिरपू शकते. शौचास डांबरासारखे काळे झाल्यास डॉक्टरांना तत्काळ सांगावे. (लोहाच्या गोळ्यांनीही मल काळसर होतो, हे खरे.) टॉनिक आणण्यापूर्वी रक्त तपासावे, थायरॉइडही, मेटफॉर्मिन चालू असल्यास ब-१२ अवश्य.