तक्रारपेटीची किल्ली

सकाळी 8. भोकरफाटा. केळीच्या गाड्या आणि शाळेच्या पिवळ्या बस एकाच रस्त्यानं धावतात. मी शिक्षण विस्तार अधिकारी. गाडी अडवायचा अधिकार मला नाही, तो आरटीओ आणि पोलिसांचा. पण मुलं चढेपर्यंत बस थांबते, तेवढ्यात आत डोकावता येतं. आज एका बसमध्ये मागच्या आपत्कालीन दारासमोर आडवं बाकडं टाकून चार लेकरं बसवलेली. "मॅडम, जागाच पुरत नाही," ड्रायव्हर म्हणाला. 2011 च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेच्या परिवहन समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात. गाडीचा नंबर टिपून घेतला; पत्र त्यांनाच जाईल.

सकाळी 10. पंचायत समिती. खासगी शाळेला शिक्षण हक्क कायद्याची (आरटीई) मान्यता नमुना 2 मध्ये, तीन वर्षांसाठी मिळते. फायलीत सगळ्या रकान्यांपुढे 'आहे' लिहिलेलं असतं. ते चालतं का, हे गेल्याशिवाय कळत नाही.

सकाळी 11.30. माझ्या बीटातली, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या भागातली, एक विनाअनुदानित शाळा. दोन मजले, जिना एकच. अग्निशामक सिलिंडर कुठे आहे विचारलं, तर खेळाच्या खोलीचं कुलूप काढलं गेलं. चटया आणि लेझमांच्या ढिगामागं तो आडवा पडला होता. काटा लाल पट्ट्यात, पिनेला तार गुंडाळलेली, नळीला तडे. शिपाईमामांना म्हटलं, चालवून दाखवता का? "मला कुणी शिकवलंच नाही मॅडम." दोष त्यांचा नाही. 16 जुलै 2004 ला तामिळनाडूत कुंभकोणमच्या खासगी शाळेत स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि 94 लेकरं गेली. त्या प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयानं 13 एप्रिल 2009 ला देशभरातल्या शाळांना बजावलं: आग विझवायचं साधन ठेवा आणि ते वापरायला माणसं शिकवा. या शाळेत साधन कुलपात आहे आणि शिकवलेला माणूस एकही नाही.

दुपारी 1. मधली सुट्टी. डबे उघडले, पण सातवीच्या मुलींच्या पाण्याच्या बाटल्या सकाळी भरलेल्या तशाच. का गं? आधी कुणी बोलेना. मग एक हळूच म्हणाली, "मॅडम, संडासाची कडी लागत नाही. एकजण बाहेरून दार धरते. म्हणून पाणीच पीत नाही." कडी मी स्वतः लावून पाहिली. खिट्टी खरंच बसत नाही.

दुपारी 2.30. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत. अशा जागी कोणतं लेकरू चिठ्ठी टाकेल? कुलूप गंजलेलं. किल्ली क्लार्ककडे, क्लार्क रजेवर. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असायच्या सखी सावित्री समितीचा शासन निर्णय 10 मार्च 2022 चा. इथल्या वहीत समितीची एकच बैठक, तीही सह्यांपुरती. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात शाळेतच दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि 21 ऑगस्टला शासनानं सीसीटीव्ही, तक्रारपेटी, समित्या यांबद्दल पुन्हा बजावलं. सीसीटीव्ही या शाळेत आहे. पण कॅमेऱ्याला मूल काही सांगू शकत नाही, त्याला माणूस लागतो. शिक्षकांना बसवून सांगितलं: मुलानं काही सांगितलं तर संस्थेच्या अब्रूचा विचार करायचा नाही, थेट पोलिसांना कळवायचं. पोक्सोत ते बंधनकारक आहे. दडवणं हाही गुन्हा.

संध्याकाळी 5. अहवाल गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिला. त्यात पहिला मुद्दा कडीचा, मग पेटी, मग सिलिंडर आणि जिना.

पालकांनो, मी वर्षातून एक-दोनदा येते, तुमचं लेकरू रोज जातं. फी भरायला गेलात की तेवढा सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात तर नाही ना, बघा. संध्याकाळी लेकराची बाटली बघा. भरलेली परत आली तर कारण विचारा. आणि शाळा ऐकत नसेल तर आम्हाला लेखी कळवा. मुलांसाठीचा 1098 हा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा.

शाळेला मी आठ दिवस दिलेत. नवव्या दिवशी त्या कडीला हात लावायला पुन्हा जाणार आहे.