एका धावेची आघाडी

रणजी करंडकाचा २०२३-२४ चा हंगाम १४ मार्च २०२४ रोजी वानखेडेवर संपला. मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवून बेचाळिसावं विजेतेपद मिळवलं आणि पुढे सगळी चर्चा त्या अंतिम सामन्याचीच झाली. पण त्या हंगामाकडे मागे वळून पाहायचं तर एका साखळी सामन्यापाशी थांबायला हवं. ९ ते १२ फेब्रुवारी या काळात रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह मैदानावर मुंबई आणि छत्तीसगड यांच्यात झालेल्या या सामन्याची तक्त्यात 'अनिर्णित' एवढीच नोंद आहे. प्रत्यक्षात मुंबईने पहिल्या डावात ३५१ धावा केल्या आणि छत्तीसगडचा पहिला डाव ३५० वर संपला. एका धावेच्या आघाडीने मुंबईला तीन गुण मिळाले, छत्तीसगडच्या वाट्याला एक आला. सामना पूर्ण झाला नसेल तर पहिल्या डावातल्या आघाडीवर गुण द्यायचे, हा नियम रडतखडत खेळायला शिकवतो अशी तक्रार आपल्याकडे वर्षानुवर्षं होते. माझं मत उलट आहे. चार दिवसांच्या सामन्याला अर्थ देणारी ती सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि रायपूरचा सामना हा त्याचा उत्तम पुरावा आहे.

सामना सुरू झाला तेव्हा तो इतका अटीतटीचा होईल असं कुणाला वाटलं नसेल. पहिल्याच दिवशी पृथ्वी शॉने उपाहाराआधी शतक पूर्ण केलं आणि पुढे १५९ पर्यंत मजल मारली. आधीच्या ऑगस्टमध्ये तो इंग्लंडमध्ये नॉर्दम्पटनशायर कौंटीकडून एकदिवसीय सामने खेळला होता. सॉमरसेटविरुद्ध २४४ धावांची खेळी केल्यावर गुडघ्याच्या दुखापतीने त्याला परतावं लागलं होतं, आणि आता पुनरागमनाच्या दुसऱ्याच सामन्यात तो असा बरसत होता. दुसऱ्या बाजूने भूपेन लालवानीने संयमाने १०२ धावा केल्या आणि सलामीलाच २४४ धावांची भागी झाली. समोर होता २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये रणजीत पदार्पण केलेला, आठ वर्षंही न झालेला संघ. एरवी अशा सुरुवातीनंतर मुंबई पाचशेच्या पुढे जाते. इथे मात्र उरलेल्या साऱ्या फलंदाजीला मिळून १०७ धावाच करता आल्या. आशिष चौहानने सहा बळी घेतले. मग छत्तीसगडचा कर्णधार अमनदीप खरेने १४३ धावा केल्या आणि संघाला ३५० पर्यंत आणून सोडलं. ज्या शहराच्या सदर बाजारात सराफ सोनं मिलिग्रॅमपर्यंत तोलून देतात, त्याच शहरात सातशे एक धावांचा हिशेब एका धावेवर येऊन थांबला.

आता विचार करा, पहिल्या डावाच्या आघाडीला गुण नसते तर काय झालं असतं? दोन्ही डाव साडेतीनशेच्या आसपास संपल्यावर चार दिवसांत निकाल लागणं अवघड होतं. छत्तीसगडचे शेवटचे फलंदाज खेळत होते तेव्हा त्यांच्या एकेका धावेला किंमत होती ती या नियमामुळेच. निसटलेला झेल, पायावर लागून गेलेला लेग-बाय, नो-बॉलची एक धाव, सीमारेषेवर अडवलेला चौकार, या सगळ्यांचं मोल एकाच तराजूत होतं. दुबळ्या मानल्या गेलेल्या संघाने बलाढ्य संघाला दोन वेळा बाद करणं दुर्मीळ असतं. एकदा त्याच्या बरोबरीला येणं मात्र शक्य असतं, आणि तेवढ्या पराक्रमाचं माप या नियमापाशी असतं.

पहिला आक्षेप असा की यात आळशीपणाला बक्षीस मिळतं: आघाडी घ्यायची आणि मग बसून राहायचं. पण गुणांची रचना पाहिली तर तसं दिसत नाही. निर्णायक विजयाला सहा गुण आहेत, आणि डावाने किंवा दहा गडी राखून जिंकलं तर सातवा मिळतो. मुंबईने त्या साखळीत पाच सामने जिंकले, त्यांतल्या चारांत हा जादा गुण घेतला, एक सामना उत्तर प्रदेशकडून हरला, आणि रायपूरचे तीन धरून सदतीस गुणांनी गटात अव्वल राहिली. त्या सदतीसमधले चौतीस गुण विजयांचे आहेत. म्हणजे केवळ आघाड्या जमवून वर जाता येत नाही. दोन संघांत कोण चांगलं खेळलं हे पावसाने, थंडीतल्या धुक्याने किंवा गुळगुळीत खेळपट्टीने ठरू देऊ नये, एवढीच या तीन गुणांची अपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो कौंटी क्रिकेटकडे बोट दाखवतो. तिथे आघाडीला गुण नाहीत. अनिर्णित सामन्याचे ठरावीक गुण दोघांना सारखे मिळतात आणि धावांचे व बळींचे जादा गुण वेगळे. त्यामुळे कर्णधार निकालासाठी धडपडतात, असं सांगितलं जातं. २३ सप्टेंबर २०१६ रोजी हंगामाच्या शेवटच्या दिवशी लॉर्ड्सवर काय घडलं ते पाहू. मिडलसेक्सच्या २७० धावांना यॉर्कशायरने ३९० असं उत्तर दिलं होतं. सामना अनिर्णित राहिला असता तर विजेतेपद दोघांनाही नाही, आपला सामना आधीच संपवून टाँटनला वाट पाहत बसलेल्या सॉमरसेटला मिळणार होतं. तेव्हा दोन्ही कर्णधारांनी आपापसांत ठरवलं. यॉर्कशायरच्या फलंदाजांनीच हलकी गोलंदाजी करून मिडलसेक्सला झटपट धावा दिल्या, डाव ६ बाद ३५९ वर घोषित झाला आणि यॉर्कशायरला २४० चं लक्ष्य मिळालं. टोबी रोलंड-जोन्सच्या हॅट्ट्रिकने सामना ६१ धावांनी मिडलसेक्सकडे गेला. दिवस थरारक होता हे खरं, आणि तो बेकायदा नव्हता. तरी १२० धावांची आघाडी कमावलेला संघ प्रतिस्पर्ध्याला धावा वाटतो आणि तिसऱ्याच संघाचं विजेतेपद त्या ठरावात जातं, हे मला खेळाच्या मुळावर येणारं वाटतं. यॉर्कशायरने तीन दिवसांत घाम गाळून मिळवलेली आघाडी त्या व्यवस्थेत कवडीमोल होती.

तर मग निकाल लागेपर्यंत खेळू द्या, असंही कुणी म्हणेल. आपल्याकडे ते करून झालं आहे. मार्च १९४९ मध्ये पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना वेळेची मर्यादा न ठेवता खेळवला गेला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४ घोषित, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २,३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातला तो आजही विक्रम आहे. पहिल्या डावात २४४ धावांची आघाडी असूनही मुंबईने पुन्हा सातशे धावा काढल्या, कारण डाव घोषित करण्याची घाई करायला घड्याळच नव्हतं. अमर्याद वेळ धीटपणा शिकवतो, हा समज त्या सामन्याने खोटा पाडला.

बाद फेरीत मात्र प्रश्न कठीण होतो, हे मान्य करायला हवं. तिथे गुण नसतात, आघाडीवर थेट पुढची फेरी किंवा करंडकच मिळतो. २०२४-२५ मध्ये केरळ जम्मू-काश्मीरविरुद्ध २८१ विरुद्ध २८० अशा एका धावेने उपांत्य फेरीत गेला. मग गुजरातविरुद्ध ४५७ ला ४५५ असं उत्तर मिळालं, तेही शेवटच्या गड्याचा फटका शॉर्ट लेगच्या हेल्मेटवर आदळून स्लिपमधल्या सचिन बेबीच्या हातात गेला म्हणून. नागपूरच्या अंतिम सामन्यात विदर्भाच्या ३७९ धावांसमोर केरळ ३४२ वर थांबला. सचिन बेबी ९८ वर, शतकाच्या उंबरठ्यावर बाद झाला, आणि विदर्भाचाच जुना खेळाडू आदित्य सरवटे केरळकडून ७९ धावा करून गेला होता. ही तिन्ही आघाड्यांची लढत प्रेक्षकाला खुर्चीला खिळवणारी होती. त्यानंतर मात्र विदर्भ पाचव्या दिवसापर्यंत ९ बाद ३७५ करत राहिला, आणि त्या तासांत जिंकायचं असं काहीच उरलं नव्हतं. हा नियमाचा खराखुरा तोटा आहे. उपाय म्हणून आघाडीची किंमत काढून टाकावी असं मला वाटत नाही. आघाडी घेतलेल्या संघाने ठरावीक षटकांत दुसरा डाव घोषित करावा, असं बंधन बाद फेरीत आणून पाहता येईल. पण त्याचीही एक किंमत आहे: मुंबईचे दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाचे तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी २०२३-२४ च्या बाद फेरीत बडोद्याविरुद्ध शेवटच्या गड्यासाठी २३२ धावांची भागी केली, दोघांनी शतकं केली, ती आघाडी हाती आल्यानंतरच्या अशाच निवांत डावात. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावरच्या दोघांनीही शतक ठोकण्याचा असा पराक्रम त्याआधी एकदाच झाला होता, १९४६ मध्ये ओव्हलवर सरे कौंटीविरुद्ध, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्या हातून.