कण्यावरचं ओझं

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमालांच्या पाठीवरची पोती मी वर्षानुवर्षे पाहत आलो. पण मणक्यातली चकती सरकली ती माझी, खुर्चीवर बसणाऱ्याची! कंबरेत वाकून, वळून बादली उचलली आणि कळ थेट पायात गेली. डॉक्टर म्हणाले, "बादली निमित्तमात्र." तासन्‌तास बैठक, स्कूटरचे हादरे, सुटलेलं पोट, सिगारेट आणि चाळिशी, सगळ्यांचाच हातभार होता.

डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने शंभर किलोच्या पोत्याविरुद्ध लढा दिला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९६७ची शिफारस ५५ किलोंची. माझं ओझं मात्र मीच वाढवलेलं!

बहुतेकांना शस्त्रक्रियेविना आराम पडतो. पण लघवीवरचा ताबा सुटला, तर तडक रुग्णालय गाठा. आणि बादली? गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून उचला.